काचेचं रेलिंग खडखडतंय, काच खाली सरकतेय: क्लॅम्प आवळण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाल्कनीला आणि आतल्या जिन्याला १० मिमी टफन (भट्टीत तापवून कडक केलेल्या) काचेचं रेलिंग आहे, स्टीलचे पोस्ट म्हणजे उभे खांब, त्याला डी-क्लॅम्प, म्हणजे काचेची कड रबरासकट दोन तोंडांत धरणारी डी आकाराची पकड, प्रत्येक काचेला चार. बाल्कनीतली एक काच वारा सुटला की खडखडते, दुसरी एका बाजूने खाली उतरलीय, आणि फिटर आवळायला लागला तेव्हा कट् असा आवाज आला म्हणून काम थांबवलं. आता अजून आवळायचं का, आवळायचं तर किती, आणि मुळात हे क्लॅम्प कसे बसवायला पाहिजे होते.

थांबवलंत हे फार बरं केलंत. काम करणाऱ्यांमध्ये सुद्धा एक समजूत घट्ट बसलेली असते की क्लॅम्प काचेला चावून धरतो, म्हणजे काच हलली की आवळा, सरकली की अजून आवळा. तसं नसतं हो. काचेचं वजन खालून कशावर तरी टेकलेलं असायला पाहिजे, क्लॅम्पमधलं रबर फक्त काचेला पुढे-मागे हलू देत नाही, आणि स्क्रूचं काम ते रबर जेवढं दाबायचं तेवढं दाबून ठेवणं एवढंच. तुमच्या दोन्ही तक्रारी यातूनच आल्यात. सरकणाऱ्या काचेला खाली आधार नाही आणि खडखडणाऱ्या काचेला रबर बरोबर नाही किंवा पोस्ट ओळीत नाहीत. दोन्हीवर आवळणं हा उपाय नाहीच.

वजनाचा अंदाज आधी घेऊ कारण लोकांना काच हलकी वाटते. काचेचं वजन १ मिमी जाडीला एका चौरस मीटरमागे अडीच किलो. म्हणजे १० मिमीची १२०० बाय ९०० ची काच सुमारे २७ किलो, तीच १२ मिमीची घेतली तर ३२ किलोच्या वर. हे वजन रात्रंदिवस खाली ओढतंय, आणि त्याला अडवायला फक्त रबराची पकड असेल तर उन्हात रबर मऊ पडतं, हळूहळू दबत जातं, स्क्रूचा ताण कमी होतो आणि काच अर्धा-अर्धा मिमी करत उतरते. एका बाजूने जास्त उतरली म्हणजे त्या बाजूचे क्लॅम्प आधी ढिले झाले एवढंच.

आता तपासणी. काहीही खोलण्याआधी हाताने बघा की नक्की काय हलतंय. एक बोट अर्धं क्लॅम्पवर अर्धं काचेवर ठेवायचं आणि दुसऱ्या माणसाने काच हलकेच पुढे-मागे ढकलायची. बोटाखाली काच आणि क्लॅम्प वेगवेगळे हलले तर रबराचा प्रश्न, दोन्ही एकत्र हलतायत पण पोस्टपासून सुटे हलतायत तर क्लॅम्पचा मागचा बोल्ट ढिला आहे किंवा आटे गेलेत, आणि सगळंच एकत्र हलतंय तर पोस्टच खालून हलतोय, मग क्लॅम्पला हात लावण्यात अर्थच नाही, आधी पोस्टचा पाया. चारही क्लॅम्पला हे करा, दोन मिनिटांचं काम आहे पण यावरून अर्धा उलगडा होतो. बऱ्याचदा फिटर पुढचे दोन दिसणारे स्क्रू आवळत बसतो आणि ढिला असतो तो मागचा बोल्ट, जो काच काढल्याशिवाय दिसतच नाही.

मागच्या बोल्टबद्दल सांगायलाच पाहिजे. बहुतेक डी-क्लॅम्प पोस्टला एम८, म्हणजे ८ मिमी जाडीच्या, बोल्टने लागतात. पोस्टच्या पाइपची जाडी असते दीड किंवा दोन मिमी, आणि एम८ च्या आट्यांचं अंतर सव्वा मिमी, म्हणजे २ मिमी पत्र्यात टॅप मारला, म्हणजे पाइपलाच आटे पाडले, तर जेमतेम दीड आटा पकडीत येतो. सुरुवातीला घट्ट लागतो, पण वारा, माणसांचं टेकणं, मुलांचं लोंबकळणं यात तो दीड आटा झिजून जातो. त्यासाठी रिव्हेट नट टाकायचा, म्हणजे पाइपच्या भोकात आतून पकडणारा नट, म्हणजे पूर्ण आटे मिळतात. पोस्टच्या दोन्ही बाजूंना काच असेल तर आरपार स्टड (आट्यांची सळई) घालून दोन्हीकडचे क्लॅम्प एकमेकांशी जोडता येतात, ती पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. आणि अजून एक, गोल पाइप असेल तर क्लॅम्पची पाठ पण गोलच पाहिजे आणि त्याच पाइपच्या मापाची, ४२.४ मिमी पाइपला ४२.४ ची, ४८.३ ला ४८.३ ची. सपाट पाठीचा क्लॅम्प गोल पाइपवर लावला की तो एका रेघेवर टेकतो आणि कितीही आवळा, डुलणारच.

रबराकडे येऊ. एकाच क्लॅम्पमध्ये ८, १०, १२ मिमी काच बसते ती रबर बदलून, क्लॅम्प तोच असतो. १० मिमीच्या काचेला १२ मिमीचं रबर पडलं तर ते पातळ असतं, क्लॅम्पची दोन्ही तोंडं एकमेकांना भिडतात आणि काच आत मोकळीच राहते, आता स्क्रू मोडेपर्यंत आवळलं तरी काचेवर दाब येणार नाही कारण सगळा दाब धातूवर धातू असा जातोय. तुमच्या खडखडणाऱ्या काचेत मला हाच संशय आहे. उलट १२ च्या काचेला १० चं जाड रबर कोंबलं तर क्लॅम्पचं पुढचं झाकण पूर्ण बसत नाही, एका बाजूने उघडं राहतं, रबर कडेला फुगून बाहेर येतं आणि काचेवर एका ठिकाणी दाब एकवटतो. लॅमिनेटेड काच, म्हणजे मधे फिल्म घालून चिकटवलेल्या दोन काचा, असेल तर माप अजून वेगळं, ५ अधिक ५ आणि मधली फिल्म १.५२ धरून ११.५२ मिमी होते, तिला १० चं पण नाही आणि १२ चं पण नाही, तिचं वेगळं रबर मागवायचं. काच १० ची आहे असं बिलात लिहिलंय म्हणून मानू नका, व्हर्नियरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापकाने, मोजा, १० मिमी काच ९.७ ते १०.३ पर्यंत असली तरी ती नियमात बसते, पण ८ ची किंवा १२ ची लागलेली असेल तर मोजल्याशिवाय कळणार नाही.

बरोबर बसलेल्या क्लॅम्पची खूण अशी की रबर दोन्ही बाजूंनी सारखं दबलेलं दिसतं, काचेच्या पुढे आणि मागे रबराची सारखी रेघ दिसते, आणि क्लॅम्पचं धातू काचेला कुठेही लागलेलं नसतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कागदाची एक पट्टी घ्या, क्लॅम्पच्या धातूच्या कडेने काच आणि धातू यांच्या मधून फिरवा, जिथे कागद अडला तिथे धातू काचेला टेकलंय किंवा टेकण्याच्या बेतात आहे. आतली बाजू पण तशीच, काचेची उभी कड क्लॅम्पच्या खाचेच्या तळाला टेकता कामा नये, तिथे रबर आणि वर दोन-तीन मिमी मोकळं पाहिजे.

धातू लागण्याला मी एवढं का घाबरतो ते सांगतो. टफन काच सपाट पृष्ठभागावर साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत, तिच्यावर हात आपटा, काही होत नाही. पण ही ताकद येते ती काच तापवून झपकन थंड केल्यामुळे, बाहेरचा थर कायम दाबलेला आणि आतला गाभा कायम ताणलेला. कडेला किंवा कोपऱ्यावर धातूच्या टोकाने एक बारीक टवका उडाला आणि तो आतल्या ताणाच्या थरापर्यंत गेला की सगळी काच एका क्षणात चुरा. कधी लगेच, कधी चार महिन्यांनी दुपारच्या उन्हात, आणि मग लोक म्हणतात आपोआप फुटली. आपोआप फुटण्याचं एक खरं कारण आहे, काचेत राहिलेला निकेल सल्फाइडचा कण, त्याच्यासाठी कारखान्यात हीट सोक टेस्ट करतात, म्हणजे टफन झालेली काच पुन्हा भट्टीत तापवून ठेवतात, ज्या फुटायच्या त्या तिथेच फुटतात. पण क्लॅम्पच्या तोंडाशी किंवा कडेपासून फूट सुरू झाली असेल तर आधी क्लॅम्पवरच संशय घ्या.

म्हणून तुमच्या त्या कट् आवाजाचं काय. तीन गोष्टी असू शकतात. एक, स्टीलच्या स्क्रूने स्टीलच्या आट्यात चिकटून उसळी मारली, हे स्टेनलेसमध्ये फार होतं. दोन, दबलेलं रबर काचेवरून झटक्यात सरकलं. तीन, धातू काचेला लागलं. पहिल्या दोनमध्ये काच ठीक असते, तिसऱ्यात नसते, आणि बाहेरून आवाजावरून ओळखता येत नाही. तेव्हा तो क्लॅम्प खोला आणि काचेची कड टॉर्चने तिरका उजेड टाकून बघा, नखाने कड चाचपा, हातमोजा काढून पण जपून. छोटा शिंपल्यासारखा टवका दिसला तर ती काच बदलायची. पॉलिश करून, सिलिकॉन भरून, टवका क्लॅम्पच्या आत लपवून चालत नाही, बाल्कनीत तर अजिबातच नाही.

खोलायची पद्धत. कमीत कमी दोन माणसं, डोळ्यांना गॉगल, कटप्रूफ हातमोजे, आणि बाल्कनीच्या खाली कोणी येणार नाही याची सोय आधी. स्क्रूला हात लावायच्या आधी काचेच्या खाली जमिनीवर लाकडी ठोकळे ठेवून त्यावर रबराचा तुकडा, आणि काच त्यावर जेमतेम टेकेल असं पाचर मारून घ्या. काचेच्या रुंदीच्या साधारण पाव अंतरावर एकेक असे दोन ठोकळे. मग वरचे क्लॅम्प आधी उघडायचे नाहीत, खालून सुरू करा, आणि एका वेळी एकच क्लॅम्प उघडा, बाकी तीन लागलेले. पूर्ण काच काढायचीच असेल तर शेवटचे दोन वरचे, तेव्हा एक माणूस सक्शन कप लावून काच धरूनच ठेवणार. काढलेली काच उभी, लाकडावर किंवा रबरावर, किंचित तिरकी टेकवून. टाइल्सवर किंवा काँक्रीटवर कोपरा टेकवायचा नाही, एक सेकंद पण नाही. टाइल काचेच्या कोपऱ्याची दुश्मन आहे, वाहतुकीत न फुटलेली काच दारात टाइलवर टेकवताना फुटते.

काच निघाली की आधी पोस्ट बघा, हे कोणी करत नाही. ओळंबा किंवा लेव्हल लावून प्रत्येक पोस्ट दोन्ही दिशांना सरळ आहे का. मग दोन पोस्टमधलं अंतर वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी. समजा वर १२५०, मधे १२४६, खाली १२४२ आलं, तर काचेची रुंदी १२४२ वरून काढायची, १२५० वरून काढली तर खाली काच पोस्टजवळ जाऊन अडकते आणि क्लॅम्प बसतच नाही. दोन्ही बाजूंना काच आणि पोस्ट यात किती अंतर ठेवायचं ते क्लॅम्पच्या ड्रॉइंगमध्ये असतं, समजा २५ मिमी, तर १२४२ वजा ५०, काच ११९२. मग वर प्रत्येक बाजूला २९ चं अंतर राहील, म्हणजे काच वरच्या क्लॅम्पमध्ये ३-४ मिमी कमी आत जाईल, आणि एवढी पकड त्या क्लॅम्पला चालते का ते त्याच ड्रॉइंगमधल्या कमीत कमी मापाशी ताडून बघायचं. चालत नसेल तर पोस्ट सरळ करा. काच मागवून झाल्यावर यातलं काहीही दुरुस्त होत नाही कारण टफन झालेली काच कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. जे काय ते भट्टीत जायच्या आधी.

सरळ असणं एक आणि एका पातळीत असणं वेगळं. चार क्लॅम्प चार कोपऱ्यांना, त्यातला एक जरी ४ मिमी पुढे असेल तर आवळताना काच पिळवटते. काच तेवढी वाकते पण, दिसत नाही, पण तो पीळ कायम तिच्यात राहतो आणि सगळा भार दोन क्लॅम्पवर येतो, उरलेल्या दोघांत ती वाऱ्याने खडखडते. हे तपासायला दोन दोऱ्या पुरतात. वरचा डावा क्लॅम्प ते खालचा उजवा अशी एक दोरी क्लॅम्पच्या पाठीमागच्या तोंडाला धरून ताणा, मग दुसरी उलट्या कर्णावर. मधे दोन्ही दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मधे २ मिमी फट दिसली तर एखादा कोपरा जवळजवळ ४ मिमी बाहेर आहे, कारण मधे फरक अर्धा दिसतो. आणि दोऱ्या एकमेकींना दाबत असतील तर फट दिसणारच नाही, म्हणून एकदा वरची दोरी खाली, खालची वर घेऊन परत बघायचं. जो क्लॅम्प बाहेर आहे तो पुढे-मागे किती सरकवता येतो हे त्याच्या मागच्या भोकावर असतं, ते लांबट असेल तर क्लॅम्प तेवढा सरकवून आवळा, गोल पोस्ट असेल तर क्लॅम्प किंचित फिरवूनही पातळी जुळते. गोल भोकाचा क्लॅम्प चौकोनी पोस्टवर असेल तर नवीन भोक किंवा पोस्टच्या पायाखाली पॅकिंग, दुसरा रस्ता नाही. जाड रबराने ही चूक झाकायची सवय वाईट आहे, सहा महिन्यांत परत तेच.

काच स्वतः पण पूर्ण सपाट नसते. भट्टीतून येताना तिला थोडा वाक राहतो, युरोपीय मानकात मीटरला ३ मिमीपर्यंतचा वाक मान्य आहे. सरळ पट्टी लावून वाक कुठल्या बाजूला ते बघून घ्या आणि शेजारशेजारच्या काचा एकाच बाजूला फुगतील अशा लावा, नाहीतर एक आत एक बाहेर असं दिसतं आणि सगळे म्हणतात क्लॅम्प वाकडे बसवले.

आता सरकणाऱ्या काचेचा खरा इलाज. वजन टेकवायला तीन मार्ग आहेत. पहिला सेफ्टी पिन, क्लॅम्पमधून काचेच्या भोकातून आरपार जाणारी पिन, काच कितीही ढिली झाली तरी निघून पडत नाही. दुसरा, खालच्या क्लॅम्पला लागणारी सपोर्ट पट्टी, जी काचेच्या खालच्या कडेखाली जाते आणि तिच्यावर रबर ठेवून काच टेकते. तिसरा, काच खाली चॅनेलमध्ये किंवा बेसवर कडक रबराच्या ठोकळ्यांवर टेकवायची आणि क्लॅम्पने फक्त उभी धरायची. तुमच्या काचेला भोकं नसतील तर आता पिन विसरा, जागेवर ड्रिल लावलं की काच गेली. बाल्कनीतल्या सरळ काचेला सपोर्ट पट्टी लावा, बहुतेक क्लॅम्पला ती वेगळी मिळते, पण तिच्यासाठी खालचा क्लॅम्प काचेच्या खालच्या कडेजवळ असायला लागतो, तेव्हा क्लॅम्पची जागा बघून घ्या.

नवीन काच मागवणार असाल तर मात्र पिनचीच मागवा. भोकाचे नियम साधे आहेत, भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको, भोकाची कड आणि काचेची कड यात जाडीच्या दुप्पट अंतर, आणि कोपऱ्यापासून सहापट. म्हणजे १० मिमी काचेला भोक कमीत कमी १० चं, कडेपासून २० आत, कोपऱ्यापासून ६० लांब. भोक पिनपेक्षा मोठं आणि पिनवर प्लॅस्टिकचं बुश म्हणजे नळकांडं, धातूची पिन उघड्या काचेला टेकता कामा नये. बुश हरवलं म्हणून टेप गुंडाळून पिन घातलेली मी बघितलीय, दोन पावसाळ्यांत टेप निघून जातो आणि पिन आत वाजायला लागते, ते अजिबात करू नका.

बाल्कनीसाठी, म्हणजे जिथे खाली माणसं चालतात तिथे, माझं मत स्पष्ट आहे की एकपदरी टफनऐवजी टफन-लॅमिनेटेड घ्या. एकपदरी फुटली की रेलिंगची जागा मोकळी आणि खाली काचेचा पाऊस. लॅमिनेटेडचा एक पदर फुटला तर दुसरा उभा राहतो. पण दोन्ही पदर फुटले तर ती ओल्या चादरीसारखी लोंबते आणि नुसत्या रबराच्या पकडीतून अख्खी घसरून येऊ शकते, म्हणून तिथे पिन किंवा खालचा आधार अजूनच गरजेचा.

जिन्याचं वेगळं सांगतो. तिथली काच समांतरभुज, उभ्या कडा सरळ, वरची-खालची कड उताराला. क्लॅम्पची जागा प्रत्येक उभ्या कडेवर तिच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून सारखी मोजायची, जमिनीपासून नाही. निमुळता कोपरा नाजूक असतो, त्याच्या अगदी जवळ क्लॅम्प नको. खाली ठोकळ्यावर टेकवली तर काच उताराच्या दिशेने सरकू बघते आणि खालच्या पोस्टवर जाऊन बसते, कड थेट क्लॅम्पच्या तळाला. त्यामुळे जिन्यात पिनच. आणि जिन्याचं माप टेपने घेऊन कोन काढत बसू नका, प्लायचा किंवा कडक पुठ्ठ्याचा साचा कापून क्लॅम्पमध्ये बसवून बघा आणि तो साचाच कारखान्यात द्या, पुढची बाजू कुठली ते त्यावर मोठ्या अक्षरात लिहून. डावी-उजवी उलटी झालेली काच भंगारात जाते.

उभ्या कडेवर क्लॅम्प कुठे ठेवायचे हा प्रश्न कायम येतो. काचेच्या उंचीच्या साधारण पाव ते पाचव्या हिश्शावर वरून एक आणि खालून एक, ९०० च्या काचेला म्हणजे कडेपासून १८० ते २२५ च्या आसपास. सपोर्ट पट्टी असेल तर खालचा खाली घ्यावा लागतो. शेवटचा शब्द क्लॅम्प बनवणाऱ्याच्या तक्त्याचा, त्यात जाडीनुसार किती रुंद काच चालते ते पण दिलेलं असतं आणि ते वाचण्याआधी १५०० रुंदीची काच चार क्लॅम्पवर लावायचं ठरवू नका. काच आणि पोस्ट, काच आणि जमीन यातली फट किती चालेल ते तुमच्याकडच्या बांधकाम नियमात बघा, बऱ्याच ठिकाणी १०० मिमीचा गोळा आरपार जाता कामा नये असा नियम असतो, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून.

आता बसवणं. क्लॅम्पचे मागचे भाग पोस्टला पक्के, खालच्या दोन क्लॅम्पमध्ये रबर, काच ठोकळ्यांवर आणून आधारावर टेकवली, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या केल्या, पुढची झाकणं लावून सगळे स्क्रू हाताने, बोटांनी जेवढे जातात तेवढे. बोटांनी दोन-तीन आटे गेले नाहीत तर स्क्रू तिरका लागतोय, काढून परत लावा. मग लेव्हल बघून खालचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा, वरचा डावा असं तिरकं फिरत प्रत्येक स्क्रूला पाव-पाव फेरा. एका क्लॅम्पला दोन स्क्रू असतील तर त्या दोघांतही आलटून-पालटून, म्हणजे झाकण समांतर बसतं. किती आवळायचं तर बनवणाऱ्याने टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, दिलेला असतो, तो मोजून आवळणारा छोटा टॉर्क रेंच घ्या, महाग नाही. नुसत्या हाताने करायचं तर छोट्या ॲलन कीच्या, म्हणजे एल आकाराच्या षटकोनी किल्लीच्या, आखूड बाजूने धरून आवळा, लांब बाजूला पाइप घालून जोर लावायचा नाही. रबर दबायला लागलं आणि काच बोटाखाली हलायची थांबली की थांबा. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे झटके देत आवळणारं मशीन, तर या कामात आणूच नका, त्याने काच फुटते, स्टेनलेसचे आटे चिकटून बसतात आणि मग स्क्रू ना मागे ना पुढे. आटे चिकटू नयेत म्हणून सावकाश फिरवायचं आणि अँटी-सीझ पेस्टचा थेंब, किंवा हलून ढिले होण्याची भीती असेल तर त्याऐवजी मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, दोन्ही एकत्र नाही. पेस्ट लावली तर आट्यांचं घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला जास्त दाब येतो, हे लक्षात ठेवून हात हलका ठेवा.

उन्हाचा हिशोब पण आहे. ४० अंशांच्या फरकाला ३ मीटर ॲल्युमिनियमची हँडरेल पावणेतीन मिमी वाढते, स्टेनलेसची २ मिमी, आणि काच तेवढ्याच लांबीला फक्त १ मिमी. वरून अखंड हँडरेल आणि खाली काच असेल तर हा फरक कुठेतरी जिरायला हवा, तो रबरात आणि ठेवलेल्या फटीत जिरतो. काच क्लॅम्पमध्ये ठासून भरली आणि कुठेही फट नाही ठेवली तर दुपारी चटचट आवाज येणारच. क्लॅम्पच्या आत सिलिकॉन भरून खडखड बंद करणारे पण असतात. नको. पाणी आत अडकतं, पुढच्या वेळी काच काढताना कड खेचली जाते, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लॅमिनेटेड काचेच्या फिल्मला कडेने खातं आणि धातूलाही. कुठे लावायचंच असेल तर न्यूट्रल सिलिकॉन, ज्याला तो वास नसतो.

बसवल्यानंतर प्रत्येक स्क्रूवर आणि क्लॅम्पवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा. रबर सुरुवातीच्या काही आठवड्यांत दबतं, तेव्हा महिन्याभराने एकदा येऊन परत त्याच टॉर्कला तपासायचं, मग वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी असेल तर उत्तम. रेघ तुटलेली दिसली म्हणजे स्क्रू फिरलाय, किल्ली लावायच्या आधीच कळतं. दर वर्षी तोच स्क्रू फिरत असेल तर आवळत बसू नका, तिथे काहीतरी ओळीत नाहीये, दोऱ्या परत लावा. रबर कडक होऊन तडकलं असेल, दाबल्यावर परत येत नसेल तर ते बदलायचं, क्लॅम्प ठीक असला तरी.

क्लॅम्प कशाचा आहे तेही बघून ठेवा. झिंकच्या मिश्रधातूचे, ज्याला झॅमॅक म्हणतात, त्यावर पॉलिश मारलेले क्लॅम्प स्टीलसारखेच दिसतात, लोहचुंबक दोघांनाही धड चिकटत नाही त्यामुळे चुंबकाने कळत नाही, पाठीमागची न दिसणारी बाजू खरवडून बघितली की वरचा मुलामा कळतो. घरात आत झॅमॅक चालेल, उघड्या बाल्कनीला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, समुद्राजवळ किंवा स्विमिंग पूलला ३१६ च. आणि एवढं सगळं नीट बसवल्यावर टाइल्स धुवायचं ॲसिड रेलिंगजवळ फिरकू देऊ नका, त्याची नुसती वाफ सुद्धा स्टेनलेसवर तांबूस डाग पाडते आणि आट्यांत गेलं तर स्क्रू आतून कुजतो. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आज दोन्ही काचांखाली ठोकळे आणि त्या बाल्कनीत कोणी टेकणार नाही अशी सोय, मग आवाज आलेला क्लॅम्प खोलून कड तपासणं, मग रबर आणि काचेची जाडी मोजणं, मग दोऱ्या. सरकलेली काच कडेने शाबूत असेल तर सपोर्ट पट्टी लावून तीच परत बसवा. जिन्यातल्या काचांना पिनची भोकं आहेत का ते त्याच वेळी बघा, भोकं नसतील तर त्या आज हलत नसल्या तरी पिनच्या काचा घ्यायच्या हे यात धरूनच फिटरशी बोला.